...आणि कोरस

गेल्या हिवाळ्यात एका सभागृहात रिचर्ड स्ट्राउसच्या ‘इलेक्ट्रा’ या ऑपेराचं चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. आधी पंधरा मिनिटांचं प्रास्ताविक होतं. वक्त्यांनी दुसऱ्याच मिनिटाला ते वाक्य टाकलं, जे मी आजवर लेखांत, ऑनलाइन कोर्सेसमध्ये आणि रेकॉर्डच्या वेष्टनांवर असंख्य वेळा वाचलंय : ऑपेरा ही ग्रीक शोकांतिकेची थेट वारसदार आहे. सभागृहात माना डोलल्या. मग दिवे मालवले आणि पडद्यावर जे सुरू झालं त्यात ग्रीक शोकांतिकेतली सगळ्यात ग्रीक गोष्ट नव्हतीच.

सोफोक्लीजच्या ‘इलेक्ट्रा’त मायसीनीच्या बायकांचा कोरस आहे. तो जवळजवळ संपूर्ण नाटकभर इलेक्ट्राच्या सोबत असतो, तिच्याशी वाद घालतो, तिला आवरतो, गातो, नाचतो. होफमन्सथालने स्ट्राउससाठी जे शब्द दिले त्यातून हा कोरस कापून टाकला. सुरुवातीला पाच दासी येतात, कुजबुजतात आणि जातात. शेवटी पडद्यामागून ओरेस्टच्या नावाचा गजर ऐकू येतो. त्या बदल्यात खड्ड्यात शंभराहून अधिक वादक बसले आहेत, आणि शेवटी इलेक्ट्रा एकटीच नाचते. नाचता नाचता कोसळून मरते. सोफोक्लीजच्या नाटकात ती मरत नाही, आणि एकटी तर मुळीच नाचत नाही.

मी 1909 सालच्या या ऑपेराचा चाहता आहे. त्याच्या पहिल्या सुरांनी अजूनही अंगावर काटा येतो. माझं भांडण ‘वारसा’ या शब्दाशी आहे. वारसा म्हटलं की काहीतरी एका हातातून दुसऱ्या हातात आलं असं वाटतं. ग्रीक शोकांतिकेच्या संगीतातलं आणि नृत्यातलं असं जवळजवळ काहीच आलेलं नाही. आणि जे घेता आलं असतं, ज्याला स्वरलिपी लागत नव्हती, ते पुढच्या लोकांनी घेतलं नाही. गेली चारशे वर्षं ते पुन्हापुन्हा दाराबाहेर ठेवलं गेलं. या लेखात मला एवढंच दाखवायचं आहे.

*

आधी आपल्या घरातली चूक. ‘ट्रॅजेडी’ला आपण ‘शोकांतिका’ म्हणतो. म्हणजे शेवटी शोक. पण ईस्किलसच्या ‘युमेनिडीज’चा शेवट नगरातून निघालेल्या मिरवणुकीने होतो. सोफोक्लीजच्या ‘फिलॉक्टेटिस’मध्ये नायक बरा होण्याच्या आश्वासनासह घरातून, म्हणजे बेटावरून, बाहेर पडतो. युरिपिडीजच्या ‘हेलेन’, ‘आयॉन’ या नाटकांत हरवलेली माणसं एकमेकांना सापडतात. ही सगळी नाटकं अथेन्सच्या हिशेबात ट्रॅजेडीच होती. मूळ शब्दात शोकही नाही आणि अंतही नाही. ‘ट्रागोस’ म्हणजे बोकड, ‘ओडे’ म्हणजे गाणं. बोकड का, यावर विद्वानांचे वाद आहेत. गाणं का, यावर नाहीत.

आपण मात्र ही गाणी वाचतो. पुलंनी ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणलं, विंदांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र समजावून दिलं, आणि या दोन पुस्तकांच्या आधारावर माझ्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरानेही ग्रीक नाटक ‘समजल्याचा’ आव आणला. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात मी कोरसचे भाग गाळले होते. कथानक पुढे सरकत नव्हतं ना! इडिपसला पुढे काय कळतं याची उत्सुकता असताना मधेच थेब्जचे म्हातारे देवांची नावं घेत बसतात. नंतर विचारलं तेव्हा कळलं की असं करणारा मी एकटा नव्हतो.

याचा दोष थोडा ॲरिस्टॉटलकडेही जातो. त्याने संगीताला शोकांतिकेच्या अलंकारांत सर्वांत मोठं मानलं, पण अलंकारच. नाटक नुसतं वाचूनही त्याचा परिणाम साधतो, असं त्याचं मत. तो हे लिहीत होता तेव्हा सोफोक्लीज आणि युरिपिडीज यांना जाऊन अनेक दशकं लोटली होती. त्याच्या हातात संहिता होत्या. आपल्याही हातात संहिताच आहेत, त्यामुळे आपल्याला तो पटतो.

*

आता ती गोष्ट अथेन्समध्ये कशी चालायची ते बघू. इ.स.पू. पाचव्या शतकात कवीला नाटक सादर करायचं असेल तर तो अधिकाऱ्याकडे जाऊन ‘कोरस मागायचा’. मंजुरी मिळाली तर त्याला ‘कोरस दिला’ जायचा. नाटकाच्या परवानगीचं नावच ते होतं. रंगमंच, नट, तारीख यांच्या नावाने कुणी अर्ज करत नसे. मग एका श्रीमंत नागरिकावर त्या कोरसचा खर्च टाकला जायचा. तालीम, कपडे, खाणं, सगळं. त्याला ‘खोरेगॉस’ म्हणत. इ.स.पू. 472 साली ईस्किलसच्या ‘पर्शियन्स’चा हा खर्च तरुण पेरिक्लीजने उचलला होता. ही नेमणूक उन्हाळ्यात व्हायची आणि उत्सव पुढच्या वसंतात. कवी स्वतः चाली बांधायचा, पावलं बसवायचा आणि शिकवायचा. त्याला ‘शिक्षक’ हाच शब्द होता.

आणि शिकणारे कोण? नागरिक. व्यावसायिक गवई-नर्तक नव्हेत. शोकांतिकेच्या कोरसमध्ये आधी बारा जण असत. ते पंधरा सोफोक्लीजने केले अशी परंपरा सांगते. पण शोकांतिका हा त्या उत्सवाचा एक भाग होता. डायोनिससच्या त्याच उत्सवात अथेन्सच्या दहा जमातींपैकी प्रत्येक जमात डिथिरॅम्ब या समूहगानासाठी पन्नास पुरुष आणि पन्नास मुलं उतरवायची. हे झाले एक हजार. तीन कवींच्या शोकांतिकांचे पंचेचाळीस. पाच विनोदी नाटकं असतील तर प्रत्येकी चोवीस, म्हणजे एकशेवीस. एका उत्सवात, एका शहरात, साधारण साडेअकराशे लोक गात नाचत होते, आणि हे दरवर्षी. पुरुष नागरिकांची संख्या काही दहा हजारांत असलेल्या गावात हे प्रमाण काय होतं याचा अंदाज तुम्हीच बांधा. उतरंडीवर बसलेल्या प्रेक्षकांपैकी कितीतरी जण कधी ना कधी खालच्या त्या गोलात घाम गाळून आलेले होते. समोरच्या पंधरा जणांचं पाऊल चुकलं तर ते त्यांना डोळ्यांआधी पोटऱ्यांत कळत असणार.

त्या गोलाचं नाव ‘ऑर्केस्ट्रा’. नाचण्याची जागा. ‘खोरॉस’ म्हणजे नाचणारा-गाणारा समूह. प्लेटो ‘लॉज’मध्ये शिक्षणाविषयी बोलताना अशिक्षित माणसाची व्याख्याच अशी करतो की ज्याला कोरसचं वळण लागलेलं नाही तो. वाचता येतं की नाही हा प्रश्न नंतरचा.

हे सगळं लक्षात ठेवून ‘राजा ओयदिपौस’मधल्या कोरसचं दुसरं मोठं गाणं परत वाचा. राणीने नुकतीच भविष्यवाण्यांची टर उडवली आहे. कोरस अस्वस्थ होतो, आणि गाण्याच्या मध्यावर विचारतो की उद्दाम माणसांना मान मिळणार असेल तर मी नाचायचं तरी कशाला? भाषांतरांत इथे बरेचदा ‘देवाची भक्ती का करायची’ अशा अर्थाचं काहीतरी येतं, आणि ते चूकही नाही, कारण देवापुढचा नाच हीच भक्ती होती. पण मूळ क्रियापद नाचण्याचं आहे. नाचणारे पंधरा नागरिक, नाचण्याच्या जागेवर, नाचता नाचता, आपल्याच गावासमोर विचारताहेत की आपण हे का करतोय. हाच प्रश्न पगारी नर्तकाच्या तोंडी घालून बघा. त्याच्याकडे उत्तर तयार असतं, करारपत्रात लिहिलेलं. म्हणजे शब्द जसेच्या तसे राहतात आणि प्रश्न मात्र नाहीसा होतो. कोरस कोणाचा आहे हे बदललं की नाटक बदलतं, असं मी म्हणतो ते यासाठी.

*

या सगळ्यातलं ऐकण्या-बघण्याजोगं काय उरलं? युरिपिडीजच्या ‘ओरेस्टिस’मधल्या एका कोरसगीताच्या सात ओळींचा, स्वरचिन्हं असलेला पपायरसचा फाटका तुकडा व्हिएन्नात आहे. तो 1892 साली प्रसिद्ध झाला. आणखी थोडे तुकडे आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नृत्याचं काहीच नाही. मडक्यांवरची थिजलेली चित्रं आहेत, आणि कोण किती रांगांत उभं राहायचं याच्या नंतरच्या नोंदी. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशनची काही पानं शिल्लक आहेत आणि सोर्स कोड गेला आहे. त्यानंतर जे कोणी बनवलं ते नव्याने लिहिलेलं आहे. फक्त प्रोजेक्टचं नाव जुनं ठेवलंय.

फ्लॉरेन्समधल्या मंडळींकडे तर हा तुकडाही नव्हता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात काउंट बार्दीच्या घरी जमणाऱ्या त्या गटाला ग्रीक संगीताबद्दलची माहिती मुख्यतः रोममध्ये राहणाऱ्या जिरोलामो मेई या अभ्यासकाच्या पत्रांतून मिळाली. 1572 पासून तो विन्चेन्झो गॅलिलीला लिहीत होता. (हा गॅलिलिओचा बाप; स्वतः ल्यूटवादक.) मेईचं म्हणणं असं की ग्रीक संगीत मनाला भिडायचं कारण त्यात एकच चाल असायची. कितीही जण गात असले तरी सगळे तीच एक चाल गात. चार आवाज चार दिशांना धावताहेत आणि शब्द चेंगरताहेत, असा समकालीन इटालियन प्रकार तिथे नव्हता. शोकांतिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायली जायची असंही त्याचं मत होतं. आज आपल्याला माहीत आहे की नट बराच भाग बोलत असत.

विन्चेन्झोने 1581 साली आपला ‘प्राचीन आणि आधुनिक संगीताविषयीचा संवाद’ छापला आणि पुढच्याच वर्षी प्रयोग करून दाखवला : दान्तेमधला एक विलाप, व्हायोल वाद्यांच्या साथीने गाणारा एकटा पुरुष. इथे जी हातचलाखी झाली ती मला फार महत्त्वाची वाटते. मेई म्हणत होता एक चाल. फ्लॉरेन्सने त्याचा अर्थ घेतला एक गळा. एकत्र गाणाऱ्या पंधरा जणांच्या समर्थनार्थ मांडलेला युक्तिवाद एकट्या गायकाच्या कामी आला. 1600 साली मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा चौथा हेन्री यांच्या लग्नसोहळ्यात पिती राजवाड्यात याकोपो पेरीचं ‘युरिडिची’ सादर झालं. नांदीला साक्षात ट्रॅजेडीच रंगमंचावर येते आणि आज रडारड, रक्तपात होणार नाही असं वऱ्हाडींना सांगते. ती शब्दाला जागते. ऑर्फिअस बायकोला पाताळातून सुखरूप परत आणतो. त्यात कोरस आहे, शेवटी नाचही आहे, ते मी नाकारत नाही. पण गाणारे-नाचणारे दरबारच्या पदरचे आणि बघणारे लग्नाचे पाहुणे. ज्यांच्यासाठी चाललंय त्यांच्यापैकी कुणी त्या गोलात उतरलेलं नाही.

दुसरा रस्ता उपलब्ध होता, हे मुद्दाम सांगायला हवं. पंधराच वर्षं आधी, 1585 साली, विचेन्झात तेआत्रो ऑलिम्पिकोचं उद्घाटन सोफोक्लीजच्या ‘इडिपस’ने झालं. नट बोलत होते आणि कोरस गात होता. आन्द्रेआ गाब्रिएलीने कोरसच्या गाण्यांना शब्द स्पष्ट ऐकू येतील अशा साध्या चाली दिल्या होत्या. मेईच्या सिद्धांतापेक्षा हे अथेन्सच्या अधिक जवळ होतं. पण इतिहासाच्या पुस्तकांत याला ओळी मिळतात आणि फ्लॉरेन्सला प्रकरणं.

*

आता ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाच्या मागे मागे चला. रोमनांनी त्या अर्धगोलात सिनेटरांच्या खुर्च्या मांडल्या. ऑपेराच्या काळात रंगमंचापुढच्या जागेत वादक बसले. हळूहळू जागेचं नाव वादकांना पडलं. मग तो शब्द बोटीत बसून आपल्याकडे आला, आणि गणेशोत्सवात स्टेजवर किशोरकुमारचा आवाज काढणारा माणूस आणि त्याचा वाद्यवृंद म्हणजे ‘ऑर्केस्ट्रा’ झाला. नागरिकांच्या नाचण्याची जागा आधी व्हीआयपींनी घेतली, मग पगारी लोकांनी, आणि अखेरीस ती जागाच राहिली नाही. ‘कोरस’चंही तेच. आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर गायिकेचं नाव असायचं आणि पुढे ‘आणि कोरस’. त्या दोन शब्दांत किती माणसं उभी होती, कुणालाच ठाऊक नाही.

या प्रवासातला सर्वांत मोठा गुन्हेगार वाग्नर, आणि तोच सर्वांत मोठा ग्रीकभक्तही. 1847 साली त्याने ड्रॉयसेनच्या भाषांतरातून ‘ओरेस्टिया’ वाचलं आणि तो झपाटला. दोन वर्षांनी ‘कला आणि क्रांती’त त्याने लिहिलं की अथेन्सची शोकांतिका सगळ्या लोकसमूहाची होती, आणि आधुनिक कला म्हणजे धंदा आहे. वाचताना मी मनोमन टाळ्या वाजवतो. मग तो उत्तर काय देतो? म्हणे, ग्रीक कोरसचं काम आता ऑर्केस्ट्रा करेल. कृतीवर भाष्य करणं, आठवण जागी करणं, पुढचं सुचवणं. ‘रिंग’च्या सुमारे पंधरा तासांच्या चार रात्रींत खराखुरा कोरस फक्त शेवटच्या रात्री येतो. 1876 साली बायरॉइटमध्ये स्वतःचं नाट्यगृह उभारताना त्याने वादकांचा खड्डा रंगमंचाखाली ढकलला आणि वरून झाकला, म्हणजे ते कुणाला दिसू नयेत. प्रेक्षक अंधारात. अथेन्समध्ये भर उन्हात, सगळ्यांच्या मधोमध जो समूह होता तो इथे जमिनीखाली गाडला गेला, आणि गाडणारा माणूस मी शोकांतिकेचं पुनरुज्जीवन करतोय म्हणत होता.

नीत्शेला 1872 साली हे बरोबर दिसलं होतं की शोकांतिका कोरसमधून, संगीतातून जन्मली. घोळ एवढाच की तिचा पुनर्जन्म त्याला वाग्नरमध्ये दिसला. चौदा वर्षांनी त्याने स्वतःच त्या पुस्तकावर टीका लिहिली. मला हा माणूस त्यामुळे जास्त आवडतो.

नृत्यात गोष्ट अधिक करुण आहे, कारण तिथल्या बायकांना काय हरवलंय हे कळत होतं. इसाडोरा डंकन 1903 साली कुटुंबासह ग्रीसला गेली, अथेन्सजवळ टेकडीवर जमीन घेतली आणि ईस्किलसच्या ‘सप्लायंट्स’चा कोरस गाण्यासाठी दहा ग्रीक मुलं गोळा केली. त्यांना घेऊन ती व्हिएन्ना, म्युनिक, बर्लिन फिरली. मुलांचे आवाज फुटले आणि त्यांना परत पाठवावं लागलं. आपण नेहमी कोरस म्हणूनच नाचलो, असं तिचं म्हणणं होतं. जगाने तिच्याकडून घेतलं काय, तर एकट्या, अनवाणी बाईची प्रतिमा. मार्था ग्रॅहमने ‘नाइट जर्नी’त (1947) इडिपसची गोष्ट योकास्टाच्या बाजूने सांगताना बायकांच्या कोरसला खरंच काम दिलं. त्यांची आकुंचन पावणारी शरीरं हेच तिथलं भाष्य आहे. मानलं. पण तो कोरस म्हणजे जगातल्या उत्तम प्रशिक्षित नर्तिका. त्यांच्याकडे बघून ‘हे मीही केलंय’ असं कुणाच्याही पोटऱ्यांना वाटत नाही.

*

आता आक्षेप. पहिला : गैरसमजातून ऑपेरासारखी गोष्ट जन्मली तर बिघडलं काय? काहीच नाही. गैरसमज सुपीक असतात. मोन्तेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ आणि ग्लुकची ‘इफिजेनी’ यांच्या बदल्यात मी मेईच्या चुका आनंदाने माफ करतो. पण वारसदार म्हणवून घेतलं की उरलेल्या मालमत्तेची चौकशी बंद होते. सगळं मिळालं, अजून काय शोधायचं? म्हणून त्या शब्दावर हरकत.

दुसरा आक्षेप जड आहे : अथेन्सचा तो कोरस काही सगळ्यांचा नव्हता. बायका त्यात नव्हत्या, गुलाम नव्हते, आणि या उत्सवात परक्यांनाही मज्जाव होता. बरोबर. मला त्याचं रामराज्य करायचं नाही. तरीही, त्या पुरुष नागरिकांना तिथे कुणाची सोंगं घ्यावी लागत ते बघा : म्हाताऱ्या, दासी, परदेशी बायका, युद्धकैदी. इ.स.पू. 416-15 च्या हिवाळ्यात अथेन्सने मीलॉस बेट जिंकलं, तिथले पुरुष मारले आणि बायकामुलांना गुलाम केलं. त्याच वसंतात युरिपिडीजचं ‘ट्रोजन विमेन’ झालं. ज्या नागरिकांच्या नावाने हे घडलं त्यांच्यातलेच पंधरा जण, महिनोन्महिने तालीम करून, लुटीत वाटल्या जाणाऱ्या बायका म्हणून गायले-नाचले. त्याने कुणाचं हृदयपरिवर्तन झालं असा माझा दावा नाही. त्याच वर्षी अथेन्सने सिसिलीवर स्वारी काढली. पण दुसऱ्याचं दुःख बघणं आणि ते आपल्या पायांनी, आपल्या श्वासाने शिकणं यांत फरक आहे, एवढं तर कुणीही मान्य करेल.

त्याच स्वारीचा शेवट प्लूटार्क सांगतो. पराभूत अथेनियन सैनिक सिराक्यूजमध्ये कैदी झाले. त्यांतले काही युरिपिडीजची गाणी म्हणून सुटले, काहींना गाण्याच्या बदल्यात अन्नपाणी मिळालं. प्लूटार्क पाच शतकांनंतरचा. गोष्ट रंगवलेली असू शकते. पण साध्या शिपायाला शोकांतिकेतली गाणी पाठ असणं कुणाला अशक्य वाटलं नाही, हे लक्षात घ्या.

तिसरा आक्षेप माझाच. एकट्या गायकाने कोरसला बाजूला सारण्याची सुरुवात अथेन्समध्येच झाली होती. इ.स.पू. 449 च्या सुमारास नटांना वेगळं बक्षीस सुरू झालं. युरिपिडीजच्या शेवटच्या नाटकांत नटांना लांबलचक, अवघड एकल गाणी आहेत. पुढे अ‍ॅगथॉनने कथेशी संबंध नसलेली, कुठेही बसवता येतील अशी कोरसगीतं घातली, अशी तक्रार ॲरिस्टॉटल करतो. मिनँडरच्या विनोदी नाटकांच्या संहितांमध्ये तर कोरसच्या जागी एकच शब्द उरतो, ‘कोरसचं’. गाणं लिहिण्याचीही तसदी नाही. आपल्या ‘आणि कोरस’ची ही तेवीसशे वर्षांपूर्वीची आवृत्ती. तेव्हा ऑपेराला वारसाच हवा असेल तर तो त्याने या उतरणीकडे मागावा. तिथे मी हरकत घेणार नाही.

*

आणि हे सगळं परत येऊच शकत नाही असं मला कुणी सांगू नये, कारण ते आलेलं आहे. इव्हा पामर-सिकेलियानोस या अमेरिकन बाईने 1927 साली डेल्फीच्या प्राचीन नाट्यगृहात ‘प्रॉमिथिअस’ बसवलं. बायकांचा कोरस एकाच वेळी गातो आणि नाचतो, यावर तिने अनेक वर्षं घालवली. कपड्यांचं कापड स्वतः मागावर विणलं, संगीत बिझंटाइन परंपरेतल्या जाणकाराकडून घेतलं. 1930 च्या दुसऱ्या उत्सवानंतर पैसे संपले. त्या आधीच्या वर्षांत तिच्यासोबत ग्रीसमध्ये राहायला आलेली एक मैत्रीण होती मुंबईची : दादाभाई नौरोजींची नात खुर्शेदबेन, पॅरिसला युरोपीय गायन शिकायला गेलेली. पुढे ती भारतात परतली, गांधींच्या चळवळीत गेली, सरहद्द प्रांतात काम केलं, तुरुंगात गेली. गाण्याची कारकीर्द मागे पडली. यातून मी कुठलाही सिद्धांत काढत नाही. एकटीच्या गळ्याची तालीम घेतलेल्या बाईचं आयुष्य शेवटी समूहात गेलं, एवढंच मला वाचल्यापासून आठवत राहतं.

1983 साली न्यूयॉर्कमध्ये ली ब्रूअर आणि बॉब टेल्सन यांनी ‘द गॉस्पेल अॅट कलोनस’ केलं. आंधळ्या, म्हाताऱ्या इडिपसची भूमिका क्लॅरेन्स फाउंटन आणि ‘फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’ या अंध गायकांच्या गटाने मिळून गायली. म्हणजे नायकच समूह झाला. मागे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला खराखुरा गायकवृंद होता. दर रविवारी गाणारी माणसं. त्यांनी ग्रीक काहीही नक्कल केलं नाही, आणि म्हणूनच मला ते पिती राजवाड्यापेक्षा अथेन्सच्या जवळचं वाटतं. 2016 साली एडिंबरोमध्ये डेव्हिड ग्रेगच्या रूपांतरातून ‘सप्लायंट विमेन’ झालं. आश्रय मागत समुद्र ओलांडून आलेल्या बायकांचा कोरस हीच त्या नाटकाची नायिका. ती भूमिका त्या-त्या शहरातल्या, नाटकाचा पेशा नसलेल्या तरुणींना दिली होती. नव्या गावी प्रयोग म्हणजे नवा कोरस आणि नव्याने तालीम. साथीला ऑलॉस, म्हणजे दुहेरी नळ्यांचं, आपल्या सनईसारखं पत्तीवर वाजणारं ग्रीक वाद्य. अथेन्सची चाल कुणाला माहीत नव्हती. कुणाला गायला लावायचं ते मात्र माहीत होतं.

त्या दिवशी ‘इलेक्ट्रा’ संपल्यावर आम्ही सगळे उठलो, टाळ्या पडद्यासाठी वाजवल्या, आणि बाहेर येताच निम्म्या लोकांनी कानांत इअरफोन खुपसले. मीही. माझं सगळं संगीत गेली दहा वर्षं असंच चाललंय : जगातला सर्वोत्तम आवाज थेट माझ्या कानात, आणि माझा आवाज कुठेच नाही. प्लेटोच्या व्याख्येने मी अशिक्षित आहे. इंजिनिअरिंगची पदवी धरून.

म्हणून एक साधी विनंती, ग्रीक नाटक मराठीत करू पाहणाऱ्या सगळ्यांना. वेळ कमी पडतो तेव्हा आधी कोरस कापला जातो, किंवा त्याचा ट्रॅक रेकॉर्ड करून वाजवला जातो. तसं करू नका. हवं तर राजाचे संवाद कापा. आणि तो कोरस दिवसा नोकरी करणाऱ्या, सूर जेमतेम लागणाऱ्या, पाय चुकणाऱ्या पंधरा जणांना द्या. आठ महिने तालीम घ्या. त्यांतल्या एका जागेसाठी माझं नाव लिहून ठेवा.